आजारी न्हाई, म्हणून दवाखान्यात

...न्हाई न्हाई, पण मला एक सांगा, दवाखान्यात कोण जातं? जो आजारी पडतो तो, का जो पडत न्हाई तो? सांगा ना! आवो, आमच्या भोंगवलीत अशी म्हातारी माणसं हायेत, खोकून खोकून शेजारच्या वाडीला जाग आणत्यात, पण दवाखान्याची पायरी चढतील? नाव काढू नका! आन् मी, चौतीस वर्साचा गडी, दगूड खाल्ला तर दगूड पचंल, मला दर तीन महिन्याला धंदा बंद करून, शिवऱ्याच्या फाट्यावर यष्टीला हात करून, स्वारगेटला उतरून, रिक्षावाल्याशी भांडून, त्या पुण्याच्या दवाखान्यात जाऊन बसावं लागतं. का? काय झालंय का मला? काय बी न्हाई! आजारी न्हाई, म्हणून दवाखान्यात!

तुमाला सांगतो, सोमनाथ माझं नाव, शिवऱ्याला हायवेवर टेम्पो-ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान हाय माझं. आन् आता हितं सगळी आपलीच माणसं हायेत म्हणून उघडच सांगतो, मला बाया आवडत न्हाईत, बाप्ये आवडत्यात. झालं? बसा, बसा, खुर्च्या नका सरकवू, शेजारी बसून लागायला ती काय खरूज हाय? तर पुण्यात कंपनीत होतो तवा एका डॉक्टरनं सांगितलं, 'सोमनाथ, एचआयव्ही होऊ नये म्हणून एक गोळी असते, रोज एक घ्यायची.' म्या म्हणलं, वा! गोळी गिळायची आन् घोर सोडायचा. तर डॉक्टर दारापतुर आला आन् म्हणतो, 'आणि हो, दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं.' झाली का पंचाईत!

तिथं एक म्याडम हायेत, समजावून सांगायच्या म्याडम. आवाज असा गोड, पहिलीतल्या पोराला पाढे शिकवल्यावानी. 'सोमनाथ, गोळी फक्त एचआयव्हीला अडवते हं! गरमी, परमा असले गुप्तरोग, हे सगळे वेगळे पाहुणे, त्यांना ही गोळी ओळखतसुद्धा नाही. आणि कित्येकदा काही दुखत नाही, काही दिसत नाही.' म्या म्हणलं, म्याडम, जो पाव्हणा दिसत न्हाई त्याला कशापायी हुडकायचं? आमच्यात दिसणारा पाव्हणा आला तरी आमी मागच्या दारानं रानात पळतो! हसल्या. हसल्या आन् म्हणल्या, 'रक्त द्या.' दिलं. 'आता लघवी.' दिली. 'आता किडनीसाठी अजून थोडं रक्त.' किडनीचा काय संबंध? 'गोळीचा ताण पडत नाही ना, ते बघायचं.' म्हणजे गोळी म्या घ्यायची, तपासणीबी म्याच द्यायची, आन् जे गडी गोळी न्हाई, काळजी न्हाई, गावभर हुंदडत्यात, ते घरी चहा पित्यात! 'आता आ करा, घशाला कापसाची काडी लावायची.' आवो, काडी टाळूला टेकली की माझा सकाळचा चहा-चपाती दारात हजर! म्हणलं घशाचं ऱ्हाऊ द्या. 'बरं, मग आता मागं वळा...' हितं मी गप बसतो. तुमच्यात आया-बहिनी बसल्यात.

बरं, मी एकटा असतो तर सोसलं असतं. पण संघपाल हाय ना! भोरला त्याचं झेरॉक्सचं दुकान. वरीस झालं आमचं जमून. लई गुणाचा गडी, पण तपासणी म्हणलं की... म्याडम दर खेपंला विचारत्यात, 'सोमनाथ, तुमचा जोडीदार येतोय का?' आन् संघपाल म्हणतो काय, 'मला काय झालंय? मी रोज सकाळी नदीला पवतो!' आता मला सांगा, पवण्यानं गरमी धुऊन जाती का? 'पुण्यात आपल्या भोरचं कोन भेटलं म्हंजे? काय सांगू?' रोगाला भीत न्हाई, वळखीच्या माणसाला भितो! आन् खरं सांगतो, माझ्या जीवाला घोर त्याचाच हाय. मी निदान गोळी घेतो, ह्यो काय घेत न्हाई, काय बघत न्हाई. आत काय चाललंय ह्येच्या, कुणाला ठाव? भांडलो, रुसलो, चार दिस फोन उचलला न्हाई. ढिम्म! आन् मी आपला तिकडं एकटा, आजारी न्हाई, म्हणून दवाखान्यात!

आन् मग माझा तपासणीचा रिपोर्ट घावला. इस्त्रीच्या शर्टाखाली ठेवला होता ओ म्या, चांगला घडी घालून! आईनं कपाट आवरलं. आईला वाचता येत न्हाई, तिनं दिला कुंडलिकमामाला. कुंडलिकमामा आंबवड्याचा, पंचक्रोशीतली लग्नं जमवायची म्हंजे त्येच्याच हातनं. त्यानं चष्मा लावला, एक एक अक्षर लावून वाचलं आन् ओरडला, 'साळूआक्का! आगं पोरगं सोनं हाय, सोनं! समद्या रोगांची तपासणी करून बसलंय, एक रोग न्हाई! कुणाला न सांगता लग्नाची तयारी चाललीया पठ्ठ्याची!' आई रडाय लागली. आनंदानं! आता आमच्याकडं काय झालंय, पोरी मिळंनात. तिशी-पस्तिशीची पोरं घरोघर बसल्यात. मामा म्हणतो, 'पोरीकडची माणसं आता सात-बाराच्या आधी रक्त बघत्यात, ह्यो रिपोर्ट बायोडाटाला जोडायचा!'

आन् जोडला! तुमाला सांगतो, माझ्या लघवीचा रिपोर्ट बायोडाटाला जोडला! वर गणपती, खाली कुलदैवत, रास, नाडी, मामाकूळ आन् मागच्या पानाला परमा न्हाई, गरमी न्हाई! प्रती काढाय मामा गेला भोरला. कुणाच्या दुकानात? तुमीच सांगा कुणाच्या! संघपालचा फोन. 'सोम्या, तुजा मामा उभा हाय हितं. तुजा रिपोर्ट हाय हातात. अकरा प्रती मागतोय, काढू का?' म्या बोंबललो, 'काढू नको!' तर म्हणतो, 'काढल्या बी.' 'आरं का?' 'गिऱ्हाईक हाय.' बगा! असला नग निवडलाय म्या!

आठ दिसांत चार स्थळं. म्या न्हाई म्हणलं, आईनं जेवण सोडलं. मग काय, अंघोळ केली आन् गेलो वेल्ह्याकडं, पोरगी बघायला. राजनंदिनी नाव तिचं, पुण्यात लॅबमधी कामाला. लॅबमधी! मामा खूश, 'रिपोर्टाची कदर असणारं घर हाय!' पव्हं झालं, चहा झाला, कुणीतरी म्हणलं, पोरा-पोरीला जरा बोलू द्या. आमाला धाडलं मागल्या दारी, शेवग्याच्या झाडाखाली. तिच्या हातात माझा रिपोर्ट. तिनं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आन् म्हणली, 'लग्नासाठी एवढ्या तपासण्या कोणी करत नाही. तुम्ही ती रोजची गोळी घेता ना?'

आवो, माझ्या तोंडचं पाणी पळालं! पण तुमाला सांगतो, बरं बी वाटलं. भोर-वेल्ह्यात पहिल्यांदा कुणीतरी वळखलं. सांगून टाकलं समदं, संघपाल धरून. म्हणलं आता ही आत जाऊन बोंब ठोकंल, मामाला घेरी येईल, आई हिरीत उडी घेईल... तर ही बोट ठेवती कागदावर आन् म्हणती काय, 'यात घशाची कुठंय?' म्या म्हणलं, 'ऑं?' 'घशाची तपासणी! का नाही केली?' म्या म्हणलं, 'ताई, काडी घातली की उलटी होती.' 'मग होऊ द्या! रिकाम्या पोटी जायचं. लहान आहात का? आणि तुमच्या जोडीदाराची? ती का नाही?' सासरी यायच्या आधीच पोरीनं मला झाडून काढलं! आन् मग हळू म्हणली, 'काळजी करू नका, नकार मी देते. मुलगा बुटका आहे म्हणून सांगते.' बुटका? पाच फूट सात इंच हाय ओ मी! पण काय बोलणार? उपकार करणाऱ्या माणसाशी इंचावरनं भांडायचं?

घरी आलो. निरोप आला होता, बुटका म्हणून नकार. मामा चरफडत गेला. आई चुलीम्होरं बसली होती. मला म्हणती, 'खरं काय बोलली ती पोरगी?' म्या म्हणलं, 'तपासणी नीट करा म्हणली.' आई लाकूड सरकवत म्हणती, 'आन् संघपालची झाली का?'

म्या म्हणलं, 'त्येचं काय मधीच?' तर म्हणती, 'गेल्या दिवाळीला त्यो जेवाय आला तवा तू तुज्या ताटातली करंजी त्येच्या ताटात टाकलीस. सख्ख्या भावाला कधी दिली न्हाईस.' बास. डोळं पुसलं तिनं, धूर हुता का अजून काय, देव जाणे. दोन दिस माझ्याशी अक्षर बोलली न्हाई. तिसऱ्या दिशी माझाच मोबाईल उचलला आन् संघपालला फोन. 'बुधवारी सोमनाथसंगं पुण्याला जायाचं. काय खाऊन येऊ नको.' आन् ह्यो? वरीसभर म्या पाया पडायचा बाकी होतो त्येच्या, आन् ह्यो म्हणतो, 'व्हय काकू'! व्हय काकू!

गेलो दोघं. घसाबी दिला. रिकाम्या पोटी उलटीबी येत न्हाई, आता ते लॅबवालीला कुणी कळवा. रिपोर्ट आला. एचआयव्ही दोघांनाबी न्हाई. पण गरमी... दोघांनाबी! दुखलं न्हाई, खुपलं न्हाई, नदीला पवत हुता गडी! म्याडम म्हणल्या, 'वेळेत सापडलं, इंजेक्शननं बरं होतं.' इंजेक्शन कुठं? म्या सांगत न्हाई, पण स्वारगेट ते शिवरे आमी दोघं यष्टीत उभ्यानं आलो, सीट मोकळी असताना. कंडक्टर म्हणतो, 'बसा की ओ!' संघपालनं दांड्यावरचा माझा हात धरला, भर यष्टीत, वळखीची दोन माणसं बसली असताना. मला रडू आलं. सुईनं न्हाई. ह्येला काय झालं असतं तर, म्हणून. आता त्योबी गोळी घेतो.

पण माझं ऐकून घ्या, सुटलो का मी? आदी निदान म्याडमचा एक फोन यायचा. आता आईनं भिंतीवरचं क्यालेंडर धरलंय. सिलिंडर कधी लावला, म्हस कधी भरवली आन् दर तीन महिन्याला दोन फुल्या, एक माझी, एक संघपालची. परवा तर कहर! म्हस गाभण हाय का बघायला जनावरांचा डॉक्टर आलाय, निम्मी आळी गोठ्यापाशी गोळा झालीया, आन् आई मोठ्यानं म्हणती, 'डॉक्टर, जरा बिगीनं आटपा, माज्या दोन्ही पोरांचीबी आज तपासणी हाय!'

म्हस गाभण निघाली. एका खेपंत सुटली बिचारी. आमी दोघं आपलं निघालो यष्टीला, रिकाम्या पोटी.