जावयाचा निर्जळी उपास

काशम्मा : म्हंजे शेवटी प्यायलात का न्हाई ते पाणी?

सिद्रामप्पा : थांब की, आधी भाषण तर ऐक. तुझ्या माहेरच्या शाळेपुढं मांडव, डोक्याला फेटा, गळ्यात हार. मी म्हणालो, कारखानदार समाजाचं देणं लागतो, म्हणून ही बोअर माझ्याकडनं गावाला. टाळ्या पडल्या. आणखी दहा मिनिटं बोललो.

काशम्मा : तुमी थांबताय व्हय. मग?

सिद्रामप्पा : मोटर चालू केली. पाणी आलं ते तांबूस. वाटलं, पहिलं पाणी हाय, माती असंल. तुझ्या भावानं, मल्लप्पानं, तांब्या भरला अन् म्हणाला, दाजी, पहिला मान जावयाचा. तांब्या तोंडाजवळ आला अन् वास ओळखला. हॉटेलवाल्याच्या टॉवेलांना आपण सध्या घालतोय तोच रंग, काशी.

काशम्मा : आपल्या कारखान्याचा नाला तितनंच जातोय की. मग त्याच्या काठाला बोअर घ्या म्हणून कुणी सांगितलं?

सिद्रामप्पा : मीच. पाणाड्यानं देवळामागं जागा दाखवली होती. पण तिथली नावाची फरशी रस्त्यावरनं दिसत न्हाई. मग माझं नाव वाचायचं कुणी?

काशम्मा : म्हंजे प्यायला न्हाई.

सिद्रामप्पा : म्हणालो, आज निर्जळी उपास हाय.

काशम्मा : उपास? तुमचा?

सिद्रामप्पा : तोंडात पेढा होता.

काशम्मा : अय्यो. अव्वा होती का तितं?

सिद्रामप्पा : सासूबाईंनीच माझ्या हातनं तांब्या घेतला अन् निम्मा पिऊन टाकला. चार लोकांत जावयाचं वाईट दिसाय नको म्हणून. मग हळूच म्हणाल्या, असू द्या अप्पा, आमची विहीर दोन वर्षं झाली अशीच हाय.

काशम्मा : दोन वर्षं! अन् कुणी बोललं न्हाई?

सिद्रामप्पा : गावानं तक्रारीचा कागद केला होता. मल्लप्पानं फाडला. म्हणे, आपली लेक त्या घरात नांदतीय, जावयावर तक्रार कशी करायची?



काशम्मा : मी गेले की अव्वा मला जारचं पाणी द्यायची. मी हितं येऊन तुमाला सांगत होते, अव्वा लई सुधारली. तिच्या हाताला खाज सुटायची, तर मी म्हणायचे, वय झालं. माझीच मला लाज वाटाय लागलीय.

सिद्रामप्पा : तुझी कशाला? रंगाचं पाणी नाल्यात सोडायच्या आधी शुद्ध करायचं यंत्र मी घेऊन ठेवलंय की. तपासणीला साहेब येतात त्या दिवशी चालवतो. एरवी कामावरच्या बायका त्यावर जेवणाचे डबे ठेवतात. अन् केबिनमधे त्याचाच फोटो लावलाय, माझ्यासकट. यंत्रापेक्षा मीच मोठा दिसतोय त्यात.

काशम्मा : आता काय करणार?

सिद्रामप्पा : येतायेताच फोन केला. यंत्र नीट चालू होईपर्यंत रंगाचं खातं बंद. बायकांचा पगार चालू. हॉटेलवाल्याला म्हणालो, पांढरे टॉवेल घ्या. त्यानं फोन ठेवला. गावाला उद्यापास्नं टँकर जातोय.

काशम्मा : अन् ती नावाची फरशी?

सिद्रामप्पा : मल्लप्पा म्हणाला, काढू का दाजी? म्हणालो, राहू दे. रंग कुणाचा ते लोकांना कळाय नको?

काशम्मा : जमिनीतलं निवळायला किती दिवस लागतील?

सिद्रामप्पा : बोअरवाला म्हणतोय, दोन-तीन वर्षं. निघताना अव्वा म्हणाल्या, उपास सुटला की या पाणी प्यायला. हसत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काशम्मा : मी फोन लावतीय तिला. काय सांगू?

सिद्रामप्पा : सांग, जावयाचा उपास अजून सुटला न्हाई.