मोहिते सरांची चूक

मोहिते सरांचं सांगते. नव्वदच्या दशकात बडोद्याला मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. एका नॉनलिनिअर क्वांटम समीकरणाचं माझं उत्तर केंद्राशी अनंत होत होतं. असली उत्तरं टाकून द्यावीत, असं सरांनीच एका शोधनिबंधात लिहिलेलं. पण कण कुठे सापडेल त्या शक्यतेची मी सगळीकडची बेरीज केली, तर ती मर्यादित निघाली. म्हणजे त्या उत्तरातली कणाची बद्ध अवस्था, कण केंद्राशी बांधलेला राहणं, खरी होती, आणि सर चुकले होते. माझं तीन वर्षांचं काम या उत्तरावर उभं होतं, म्हणून भीतभीतच रावपुऱ्यात त्यांच्या घरी वही नेली.

सर दोन तास एकेक ओळ तपासत बसले. मग गुजरातीतच म्हणाले, "बराबर छे."

"पण सर, तुमचा निबंध?"

"तो चुकलाय. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर तसं लिही. आणि माझं नाव गाळू नकोस."