उभ्याचा पाळणा

...आता उभ्याचा पाळणा म्हणायचं आणि आत सायकलसारखी सीट ठेवायची, ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा बायांनो. उभं राहायचं आहे ना? मग सीट कायले? आणि सीट आहे तर उभ्याचा काहून म्हणता? मी संशय घेत नाही बाप्पा, नुसतं विचारते.

तुम्हाला सांगते, त्या दिवशी माझा सोळावा सोमवार. आमच्या लेकीचं, सुनीतीचं लग्न जमावं म्हणून धरलेले. आणि आमच्या सासरी हे सोमवार उभ्यानं करतात, म्हणजे सकाळी आंघोळ झाली की संध्याकाळच्या पूजेपर्यंत टेकायचं नाही, भाजी चिरायची उभ्यानं, पोथी वाचायची उभ्यानं, आणि चुकून टेकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पंधरा निभावले होते. आणि नेमका तोच दिवस धरून ह्यांनी मुलगा पाहायचं ठरवलं. कुठे, तर आर्णीला, मीना बाजारात. मीना बाजारात बांगड्या पाहतात, जावई पाहतात का?

त्या सालचे कापसाचे हाल तुम्हाला माहीतच आहेत. जिनिंगच्या आवारात एरवी गाड्यांची रांग हलत नाही, तिथे बोंडसुद्धा नव्हतं, तर मालकानं जागा मीना बाजारवाल्या फुलचंदशेठला देऊन टाकली, आणि त्यानं कुठूनसा विलायतेतला रिटायर झालेला पाळणा आणला, रुळांवरून धावतो तसला, रोलर कोस्टर म्हणतात तो. त्याची तपासणी करायला हा मुलगा नेमलेला, अनिमेष. हे म्हणाले, "मुलगा मेकॅनिकल आहे." म्हटलं, जत्रेतला पाळणेवाला आहे असं सरळ सांगा ना. संशय घेत नाही, नुसतं विचारते.

यवतमाळहून आर्णीपर्यंत एसटीत हे आणि सुनीती बसलेले, मी उभी. अर्धी गाडी रिकामी. कंडक्टर म्हणे, "बसा ना काकू, जागा हाय." म्हटलं, नको भाऊ. तर तो माझ्याकडेच असा पाहायला लागला, जशी मी गाडीतलं काही पळवूनच नेऊन राहिली...

आणि गेलो तर काय, पाळणा म्हणजे चार हात रूळ, त्यावर एक गाडी, तिच्यात माणसं रांगेनं उभी करायची. बाकीची वळणं भिंतीशी ढिगात पडलेली, वर शेळी चढलेली. मुलाची आई, मधुवंतीबाई, खुर्चीत बसलेल्या. मुलानं लगेच दुसरी खुर्ची आणली. नको म्हटलं. पुन्हा पुसून आणली. नको म्हटलं. आता त्या बसलेल्या, मी हात बांधून समोर उभी, कोणाला वाटावं मी कामाला ठेवा म्हणून आले आहे.

बोलायचं काय? मी पाळण्याचंच विचारलं, हा रिटायर काहून झाला? झालं, पोरगा सुटला. "काकू, आधी जपानात जुन्याच गाड्यांच्या सीटा काढून लोकांना उभं केलं, मग अमेरिकेत खास उभ्याचेच बांधायला लागले, एकाहून एक उंच, पुढे पुढे तर उलटे गरके..." उलटे? उभ्यानं उलटे? "हो ना, वरून हे जाड दांडे खांद्यावर येतात, अन् ही सीट ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे सरकते, मग खटकन तिथेच अडकते." एवढं सारं केलं, मग बंद कायले पडलं? म्हणे, "खालच्या वळणावर सगळा भार पोटऱ्यांवर येतो, गाडी हिसका देते अन् कान दांड्यांवर आपटतात. लोकांना शेवटी बसणंच आवडतं, काकू. कुठे गाड्या बदलून बसायच्या केल्या, कुठे मोडीत काढल्या."

पोटऱ्यांचं मला नको सांगू बाबा, सकाळपासून मीच तो पाळणा आहे.

म्हटलं, मग इथे चालेल का? "नाही चालणार. अर्धे भागच आले नाहीत. शेठजींना तसं सांगून टाकलं मी." म्हणजे तुझं काम? "तेही संपलं." हसत सांगितलं बायांनो. मुलगी पाहायच्या दिवशी काम गेल्याचं हसत सांगतो, हा खरा आहे का येडा आहे? मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे शेळीकडे पाहून राहिले. पण सुनीती... सुनीती हसली हो. इतकी स्थळं झाली, कोणापुढे हसली नव्हती.

तेवढ्यात शेठचा माणूस, धरमसिंग. "मावशी, फोटो काढून घ्या, यात नुसतं उभं राह्यनं हाय." उभं राहायचं? मग चालतंय. शिरले. वरून दांडे आले, खालून सीट आली, खट. फोटो झाला, आणि दांडे उघडेनात. धरमसिंग ओढतो, लाथ मारतो, म्हणतो, "कालबी एकाचं असंच झालं होतं मावशी, टेन्शन नोका घेऊ." कालबी? मग आज मला काहून घातलं? संशय नाही घेत...

अनिमेष पाना घेऊन धावला, गाडीखाली शिरला. टेकू नये म्हणून मी चवड्यांवर, सीट खाली बोटभर अंतरावर, तोंडानं ओम नमः शिवाय. आणि मधुवंतीबाई खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काढतो तो. काळजी करू नका, विहीणबाई."

विहीणबाई म्हणाल्या. ताई नाही, सुनीतीची आई नाही... आणि माझ्या टाचा खाली आल्या.

टेकले.

आता तुम्ही सांगा, आधी विहीणबाई झालं की आधी टेकले? आधी होकार तर व्रत फळलं, आधी टेकले तर व्रत मोडलं. हे म्हणाले, "तू टेकलीस, बसली नाहीस." सुनीती म्हणाली, "आई, पाय तर खालीच होते ना?" म्हटलं, जाणकाराला विचारू. अनिमेष गाडीखालून ग्रीसचं तोंड घेऊन आला, पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "काकू, भार बहुतेक पायांवरच असतो, सीट नुसती आधाराला."

बहुतेक. देवाला बहुतेक सांगू?

लग्न तर ठरलं, पण मी सोमवार पुन्हा पहिल्यापासून धरले. मुहूर्त निघाला तोही सोमवारचाच. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, वऱ्हाड बसलं, हे तर तक्क्याला टेकून घोरले, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडवात उभी. कोणाला काही सांगावंच लागलं नाही. मुलीची आई बसलेली पाहिली आहे का कोणी?