बाईंची स्वेच्छानिवृत्ती

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या नकाशा विभागाच्या सत्कारमूर्ती बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि सहकारी मित्रहो,

निरोपाच्या भाषणात थोडं हसवावं, असा संकेत आहे. बाईंनी आम्हाला बावीस वर्षं हसवलं. आज त्याची परतफेड मला जमेलसं वाटत नाही.

बाईंच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांचे यजमान, नावाजलेले शिंपीमास्तर, कापड बेतताना कोसळले. पक्षाघात! उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. इस्पितळातल्या सतरा दिवसांत होती नव्हती ती शिल्लक संपली. आम्हाला वाटलं, चला, माणूस वाचला, खर्च आटोपला. खरा खर्च त्यानंतर घरी आला. व्यायाम करून घेणारे रोज, मदतनीस दिवसभर, औषधं जन्मभर. मास्तरांचं दुकान यंत्रांसकट विकलं गेलं.

एकदा डब्याच्या सुट्टीत बाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला. "साहेब, जरा बेरीज तपासा. कुठे चुकले असेन, तर बरं होईल."

चूक नव्हती. मदतनीस, व्यायाम आणि गाडीभाडं मिळून पगाराच्या वर जात होतं.

"म्हणजे कामावर यायचे मीच पैसे भरतेय की!" म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी अर्धवेळ कामासाठी अर्ज केला. तो माझ्याच टेबलावर आला. मी शेरा मारला, 'नियमात बसत नाही.' वरिष्ठांकडे पाठवून तरी पाहता आला असता ना? नाही पाठवला. दोन महिन्यांनी दुसरा अर्ज आला. त्यात 'स्वेच्छेने' असा शब्द होता. त्यावर मी मुकाट्याने सही केली.

परवा आजचं आमंत्रण द्यायला घरी गेलो. मास्तरांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. बराच वेळ नुसते ओठ हलत होते.

"ति... तिला... न्या."

बाई म्हणाल्या, "अहो, समारंभाला आपण दोघांनीही जायचंय."

मास्तरांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. "कामाला," ते म्हणाले.

बाई पाणी आणायला म्हणून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

असो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण ते पोटात घालाल. बाई, माझा तो शेरा मात्र पोटात घालू नका.