चोळायचं नाही

डॉक्टर : म्हणजे उजव्या हाताचा घास तोंडापर्यंत जातच नाही?

रंगारी : नाही जात. डाव्या हाताने जेवतो कसंबसं. पण डाव्या हाताने भिंती कशा रंगवू, डॉक्टर?

डॉक्टर : हा एक्स-रे बघा. तुम्ही परांचीवरून पडलात तेव्हा कोपराचा पार चुरा झाला होता, खालचं हाडही मोडलं होतं. पट्ट्या घालून, स्क्रू मारून मी सगळं जागेवर आणलं. ते छान जुळलंय. पण पुढे हे पांढरं दिसतंय ना, ते तिथे नको होतं. मांसात नवीन हाड धरलंय. त्यानेच कोपर अडकलंय.

रंगारी : असं आपोआप होतं?

डॉक्टर : होतं कधी कधी. पण जोर लावून चोळलं, ओढलं की हमखास वाढतं. घरी सोडताना बजावलं होतं मी. कोणाकडे गेला होतात?

रंगारी : कोणाकडे नाही. घरीच. आई चोळायची.

डॉक्टर : त्या बाहेर बसल्यात, त्या?

रंगारी : जरा हळू बोला. रोज संध्याकाळी तेल गरम करून यायची. हात मांडीवर घेऊन जीव तोडून वाकवायची. मी दातओठ खात बसायचो.

डॉक्टर : अहो, मग नको म्हणता येत नव्हतं?

रंगारी : बाबा गेले तेव्हापासून ती गप्पच होती. विचारलं तर हो किंवा नाही, बस. तेल लावताना तेवढी बोलायची. बाबांचं, माझ्या लहानपणीचं. एकदा तर हसलीसुद्धा. मग नाही म्हणवलं मला.

डॉक्टर : कमाल आहे तुमची. आता ते हाड पक्कं होईपर्यंत थांबायचं, मग ऑपरेशन करून काढू. पण स्पष्ट सांगते, हात पूर्वीसारखा होईल असं धरून चालू नका. छताची कामं तर विसराच.

रंगारी : माझं मी बघेन काय ते. तिला फक्त सांगू नका. पडल्यामुळे झालं म्हणा.

डॉक्टर : खोटं नाही बोलणार मी. चोळायचं नाही, एवढंच सांगेन. बोलवा त्यांना.

(आई आत येते, खुर्चीच्या कडेवर बसते.)

आई : काय म्हणतोय हात? मी काही कसर ठेवली नाही हो, डॉक्टर.

डॉक्टर : मावशी, आता चोळणं बंद करायचं.

आई : आजच्या दिवस?

डॉक्टर : कायमचं. हात पण लावायचा नाही कोपराला.

आई : का बरं? अरे, तू खाली का बघतोयस?

रंगारी : काही नाही गं. अजून एक ऑपरेशन करावं लागणार आहे.

आई : दुखतंय का, विचारत होते मी तुला. बरं वाटतंय म्हणायचास.

रंगारी : वाटायचंच बरं.

आई : मला सांगायचंस रे.

रंगारी : जाऊ दे ना ते. संध्याकाळी येऊन बसशील ना पण?

आई : बसेन. डाव्या बाजूला बसेन.