दोघांचा एक फोटो

एका ग्रुप फोटोतून बाबांना वेगळं काढून मोठा केलेला फोटो घ्यायला मी स्टुडिओत बसले होते. शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं व्हिसाच्या फोटोंची वाट पाहत होतं.

“पुन्हा म्हणा.”

“कुड यू क्लिक अवर फोटो, प्लीज.”

“क्लिक नाही. सूनबाई म्हणाली, तिकडे टेक म्हणतात. कुड यू टेक अ पिक्चर ऑफ अस.”

“तुला येतंय, तर तूच विचार की.”

“मी विचारायला गेले की तुम्ही म्हणता, कशाला, मीच काढतो. जन्मभर तेच केलंत. प्रत्येक फोटोत मी एकटी आणि पायाशी तुमची सावली.”

“सावली आहे ना? मग आलो की फोटोत.”

“उद्या तुम्ही गेलात, तर भिंतीवर सावली लावू?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. यांनाच विचारा. सराव होईल.”

ते उठले, शर्ट खाली ओढला आणि माझ्याकडे वळले.

“एक्सक्यूज मी. कुड यू टेक अ पिक्चर ऑफ अस?”

“शुअर,” मी म्हणाले.

माझ्या हातात फोन देऊन ते बायकोपासून हातभर लांब उभे राहिले.

“जवळ या. चोरी पकडल्यासारखे काय उभे राहता?”

मी फोटो काढला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“कुड यू टेक वन मोअर?”

“अगबाई, हे कधी शिकलात?”

“डोळे मिटले गेले, तर म्हणायचं असतं.”

फोटोत दोघांचेही डोळे उघडे होते. मी आणखी एक काढला.