सहलीला कुकर कशाला?

सासू : आणि तो स्वेटर का बाहेर काढलास?

सून : अहो आई, बेट आहे ते. बारा महिने उकडतं तिथं. स्वेटर घालून समुद्रात बसणार आहात का?

सासू : नाही बसणार. पण काढलास तर कपाटात परत ठेवायचा ना? बोचक्यात कशाला कोंबलास? हे बोचकं कसलं?

सून : ते... जुने कपडे आहेत. देऊन टाकायचे.

सासू : माझा स्वेटर जुना? गेल्या थंडीत विणलाय मी! परत आल्यावर काय पांघरू, टॉवेल?

सून : तेव्हाचं तेव्हा बघू हो.

सासू : बघू म्हणे. बरं, टोपी घेतलीस, रबरी चपला घेतल्यास, डासांचं मलम, उन्हाचं ते पांढरं क्रीम. ते सगळं कळलं मला. पण माझे झाडून सगळे सुती गाऊन? आठ दिवसांसाठी? तासातासाला कपडे बदलायची फॅशन आहे का तिथं?

सून : घाम फार येतो. दमट हवा.

सासू : आणि ही पिशवी? अगं बाई, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या! दुकानच उचलून आणलंस की काय?

सून : बेटावर औषधं मिळाली नाहीत तर? जवळ असलेली बरी.

सासू : एवढ्या गोळ्या संपेपर्यंत मी उरले म्हणजे मिळवली. सूनबाई, इकडे बघ. माझ्याकडे. हॉटेलात जेवण असतं ना?

सून : असतं की.

सासू : मग तुझ्या त्या मोठ्या बॅगेत कुकर कशाला आहे?

सून : तुम्ही माझी बॅग उघडलीत?

सासू : उघडली नाही. ढकलायला गेले तर आत झाकण खणखणलं. चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात गेली असली तरी कुकरचं झाकण ओळखते मी. बोल, सहलीला कुकर कशाला?

सून : खोलीत गॅस आहे म्हणाले. कधी खिचडी खावीशी वाटली तर...

सासू : खिचडी! आणि परतीचं तिकीट कधीचं आहे?

सून : ते यांनाच माहीत. तिकिटं त्यांच्याकडे आहेत.

सासू : म्हणजे उद्या सकाळी निघायचं आणि परत कधी यायचं ते घरात एकालाच ठाऊक. छान. काल फ्रीज पुसून दार उघडं ठेवलंस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. म्हटलं, आठ दिवस बंद राहणार, वास येऊ नये म्हणून असेल. मग आज उठून बघते तर भिंतीवर नुसता खिळा. तुझ्या सासऱ्यांचा फोटो कुठं गेला?

सून : काच पुसायला काढलाय.

सासू : दोन टॉवेलांत गुंडाळून, सुतळी बांधून पुसतात वाटतं काच? जिवंतपणी त्या माणसाला कधी सहलीला नेलं नाही कुणी, आता बरा नेताय.

सून : आई, जरा खाली बसा ना. तुम्हाला धाप लागलीय.

सासू : लागू दे. आणि माझ्या मशीनला हात कुणी लावला?

सून : मशीनला?

सासू : पट्टा उतरवलाय. डोक्याचे स्क्रू ढिले आहेत. त्या मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. विकलंत ना?

सून : नाही हो! शपथ घेऊन सांगते, नाही विकलं.

सासू : मग मी सांगते तुला काय ते. मी काही कुक्कुलं बाळ नाही. त्या बेटावर म्हाताऱ्या माणसांना ठेवायची जागा असेल. समुद्रकिनारी, हवेशीर, सकाळसंध्याकाळ नर्स. माझे गाऊन तिथं, माझ्या गोळ्या तिथं, सोबतीला यांचा फोटो. आणि तुम्ही दोघं हात हलवत परत. अगं, रडतेस कशाला? ठेवून येणार तुम्ही, आणि रडायचं तू?

सून : असं बोलू नका ना. तुम्हाला असं वाटलंच कसं?

सासू : मग काय वाटावं? उघड तुझी बॅग. सगळी उघड, माझ्यासमोर.

सून : ...घ्या. बघा.

सासू : कुकर. तुझे सगळे कपडे. हे तुझ्या कुंडीतलं? अगं, मुळासकट उपटलंस ते झाड? आणि ही जड पेटी... हे तर माझ्या लेकाचे नटबोल्ट आवळायचे पाने आहेत. सगळे पाने. पाने घेऊन कुणी सहलीला जातं का? म्हणजे... म्हणजे तुम्हीसुद्धा परत येणार नाही.

(बाहेरचं दार उघडतं. मुलगा आत येतो आणि उघड्या बॅगा बघून उंबऱ्यातच थांबतो.)

मुलगा : तू सांगितलंस?

सून : मी अक्षर बोलले नाही. तुमच्या पान्यांनी सांगितलं.

सासू : ये, आत ये. सहल किती वर्षांची आहे तेवढं सांग.

मुलगा : आई, ऐक. आमचा बर्फाचा कारखाना बंद झाला.

सासू : कधी?

मुलगा : झाले दोन महिने.

सासू : आणि रोज डबा घेऊन कुठं जात होतास?

मुलगा : काम शोधत होतो. मिळालं. तिथल्या हॉटेलात, थंड करायच्या यंत्रांवर. राहायला दोन खोल्या देतायत, चांगल्या आहेत. हे घर महिनाअखेर सोडायचं ठरलंय. मालकांना कळवलंय.

सासू : मालकांना कळवलंस. आईला सहल सांगितलीस.

मुलगा : तू नाही म्हणाली असतीस. मग तुला इथं एकटीला सोडून मला पाऊल टाकता आलं नसतं. म्हटलं, एकदा आलीस, समुद्र बघितलास, की आवडेल तुला.

सासू : तुझ्या वडिलांच्या वेळीही हेच केलंत. बरे आहेत, बरे आहेत म्हणत हॉस्पिटलच्या पायऱ्या चढवल्यात, आणि वर गेल्यावर पांढरी चादर दाखवलीत. अजून त्या पायऱ्या मी चढत नाही रे.

मुलगा : चुकलं आई.

सासू : आणि माझं मशीन?

मुलगा : बोटीनं जाणार आहे. सुताराकडून पेटी करून घेतलीय. आतून गादीचा कापूस लावलाय, एक ओरखडा येणार नाही.

सासू : मशीनला खरचटू नये म्हणून एवढी पेटी केलीस. मला नुसतं सांगायचं होतं.

सून : आई, पाणी घ्या.

सासू : ठेव तिथं. आधी मला सांगा, समोरच्या नर्सबाईंच्या मुलीच्या लग्नाच्या ड्रेसचं काय?

मुलगा : कसला ड्रेस?

सासू : पुढच्या महिन्यात लग्न आहे पोरीचं. मी म्हटलं, आठ दिवसांत येते परत, आल्या आल्या शिवते. परवा कापलासुद्धा.

मुलगा : कापला?

सून : मी म्हटलं होतं यांना, आईंना नवं काम घेऊ देऊ नका. तर म्हणाले, अडवलं तर संशय येईल.

सासू : बघ, संशय टाळायला निघालास आणि त्या पोरीचा ड्रेस अडकवलास.

मुलगा : कापड परत देऊ आई. पैसे भरून देतो त्यांचे. दुसरा शिंपी शिवेल.

सासू : काय म्हणालास? पुन्हा म्हण.

मुलगा : ...नाही. माहीत आहे मला.

सासू : काय माहीत आहे?

मुलगा : तुझ्या कात्रीनं कापलेलं कापड दुसऱ्याच्या मशीनखाली जात नाही.

सासू : लहानपणी त्याच कापडांच्या ढिगावर झोपायचास, विसरला नाहीस म्हणायचं. तुम्ही दोघं जा उद्या. नोकरी थांबणार नाही. माझं तिकीट पुढं ढकल. घर महिनाअखेरपर्यंत आपलंच आहे ना?

मुलगा : आहे. पण एकटी राहशील?

सून : मी थांबते आईंबरोबर. हे जाऊ देत पुढं.

सासू : तू थांबतेस? मगाशी इतकं बोलले तुला, तरी?

सून : झाडही परत कुंडीत लावायचंय मला.

सासू : बरं. मग कुकर काढ बाहेर. आणि तो स्वेटर आण माझा. आणि तू, इकडे ये. विचार.

मुलगा : काय विचारू?

सासू : जे आधी विचारायला हवं होतंस ते.

मुलगा : आई... आमच्याबरोबर कायमची राहायला येशील?

सासू : आधी मशीनचा पट्टा चढवून दे. हातातलं शिवून झालं की सांगते.